बडोद्याचा रेडिओ, जुन्या तबकड्या आणि उसळीची वाटी

वाघोडियाच्या जी.आय.डी.सी.त नोकरीनिमित्त नव्याने आलेली मराठी कुटुंबे आपल्या कार्यक्रमांना येऊ लागली की महिन्या-दोन महिन्यांत एक प्रश्न हमखास विचारतात : "बडोद्यात आपलं असं ऐकायला-खायला काय आहे?" लक्ष्मीविलास राजवाडा, कमाटीबाग, तिथले संग्रहालय हे सगळे त्यांचे पाहून झालेले असते. जुन्या कुटुंबांना हा प्रश्न कधी पडला नाही. उत्तर घरातच होते, म्हणून ते कोणाला सांगावेही लागले नाही. आणि सांगितले नाही म्हणूनच ते आता पुसट होऊ लागले आहे.

त्यासाठी हा लेख. शहर आपल्यापासून वीसेक किलोमीटरवर. सकाळच्या एस.टी.ने निघालो तर संध्याकाळपर्यंत आरामात परत येता येते. आम्ही मंडळातले पाच-सहा जण अधूनमधून अशी फेरी करतो. त्या फेरीतल्या तीन गोष्टी इथे सांगतो : रेडिओ, जुन्या रेकॉर्ड आणि उसळ. शेवटी एक काम सांगणार आहोत. ते मात्र शहरात नाही, आपापल्या घरी माळ्यावर करायचे आहे.

संस्थानाचा रेडिओ

मकरपुरा रस्त्यावरच्या आकाशवाणी केंद्रावरून आपण अनेकदा जातो. ही एक सरकारी कचेरी, एवढेच आपल्या मनात असते. पण या केंद्राचा जन्म सरकारी नव्हे, दरबारी आहे.

१९४७ साली फाळणी झाली तेव्हा ऑल इंडिया रेडिओची सहाच केंद्रे भारताच्या वाट्याला आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. याखेरीज पाच केंद्रे संस्थानांची होती : म्हैसूर, हैदराबाद, औरंगाबाद, त्रिवेंद्रम आणि बडोदे. ज्या 'आकाशवाणी' नावाने आपण आज रेडिओ ओळखतो, ते नावही आधी म्हैसूरच्या केंद्राने वापरले आणि मग देशाने घेतले. नागपूरला केंद्र आले १९४८ साली, पुण्याला १९५३ साली. बडोद्याला त्याआधीच स्वतःचा रेडिओ होता. डिसेंबर १९४८मध्ये तो ऑल इंडिया रेडिओकडे गेला आणि पुढच्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेला खुद्द संस्थानच मुंबई प्रांतात विलीन झाले.

रेडिओला नुसते यंत्र पुरत नाही, गाणारी माणसेही लागतात. ती बडोद्यात होती. मौलाबक्ष यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली इथे गायनशाळा काढली. तीच पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची संगीत शाखा झाली. सूरसागराच्या काठी तिची इमारत आजही आहे, आणि संध्याकाळी तिथून जाताना आतला रियाज कानावर पडतो. आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाज खाँ इथले दरबारी गायक होते. 'आफताब-ए-मौसिकी' हा त्यांचा किताब. ५ नोव्हेंबर १९५० रोजी ते बडोद्यातच वारले. त्यांच्या गाण्याचा अंदाज आज आपल्याला येतो तो बराचसा रेडिओमुळे. रेकॉर्डच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटे मावत, त्यात आलाप करणार किती? रेडिओवरचे ध्वनिमुद्रण लांब असे. त्यातले काही पुढे लाँगप्ले रेकॉर्डवर निघाले, म्हणून त्यांचा भारदस्त नोम-तोम आपल्यापर्यंत पोहोचला.

रात्री लागणारे मुंबई-पुणे

हे झाले बडोद्याहून निघणारे सूर. पण जुन्या मराठी घरांचा दुसराही एक रेडिओ होता आणि तो रात्रीच लागायचा. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात वाढलेल्या आमच्यातल्या ज्येष्ठांना ते पक्के आठवते. दिवसभर मुंबई केंद्र नुसते खरखरायचे. जेवणे आटोपली की तेच केंद्र शेजारच्या वाड्यातून बोलल्यासारखे स्वच्छ व्हायचे. घरातली म्हातारी माणसे म्हणत, "दिवेलागणीनंतर हवा निवळते." हवा निवळत नव्हती, पण निरीक्षण अचूक होते.

कारण असे. मध्यम लहरी, म्हणजे मीडियम वेव्ह, दिवसा जमिनीच्या अंगाने जातात आणि शे-दोनशे किलोमीटरवर क्षीण होतात. त्या वरही जातात, पण सूर्यप्रकाशामुळे वातावरणाच्या वरच्या भागात विद्युतभारित कणांचा एक थर तयार होतो आणि तो या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो. मग लहरी त्याच्याही वरच्या थरापर्यंत पोहोचतात आणि तिथून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरवर खाली येतात. मुंबई-बडोदे हे रेल्वेने सुमारे ३९० किलोमीटर. म्हणजे दिवसा मुंबईचे केंद्र आपल्या हाताबाहेर आणि रात्री घरात. मुंबईचे मराठी केंद्र ५५८ किलोहर्ट्झवर आणि पुणे ७९२वर. काटा तिथे आणून ठेवायचा आणि वाट पाहायची.

ट्रान्झिस्टर हातात धरून गोल फिरवण्याची वडिलांची सवयही वेडेपणाची नव्हती. त्याच्या आत एरिअल म्हणून फेराइटची कांडी असते. ती केंद्राच्या दिशेला आडवी आली की आवाज वाढतो, टोक केंद्राकडे झाले की पडतो. आमच्यातल्या एकाच्या घरी देवघराच्या फळीवर पेन्सिलीने एक रेघ मारलेली होती. रेडिओची कड त्या रेघेला लावली की पुणे लागायचे. बाहेर शाळेत, बाजारात, कचेरीत दिवसभर गुजराती. रात्री त्या रेघेवर मराठी बातम्या, नाट्यगीते, श्रुतिका. महाराष्ट्रात भाषा कशी बोलली जाते, कोणता शब्द नवा आला, हे आपल्या घरांना त्या रात्रीच्या रेडिओने सांगितले.

हिंदी सिनेगीतांसाठी मात्र काटा आणखी दूर न्यावा लागे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्यात जन्मलेले गृहस्थ नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताची 'नॅशनल प्रोग्रॅम'सारखी सभा त्यांच्याच काळात सुरू झाली. पण सिनेसंगीत त्यांना हलके वाटे आणि रेडिओवरून ते जवळजवळ हद्दपार झाले. श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे गेले. त्याच वर्षाअखेरीस तिथून अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली होती. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती काढून आकाशवाणीने आपले श्रोते परत बोलावले. सरकारने एखादा सूर बंद केला म्हणून माणूस ऐकायचे थांबवत नाही, काटा फिरवतो. बडोद्याच्या मराठी माणसाला तर काटा फिरवण्याची सवय होतीच.

आज वाघोडियात बसून शहरातली खासगी एफ.एम. केंद्रे सहज लागतात. त्यांच्यावर हिंदी आणि गुजराती. एफ.एम.च्या लहरी साधारण नजरेच्या टप्प्याइतक्याच जातात, त्यामुळे पुण्या-मुंबईचे एफ.एम. इथे रात्रीही लागणार नाही. पण आकाशवाणीच्या मोबाइल अ‍ॅपवर पुणे आणि मुंबईची मराठी केंद्रे दिवसाही ऐकता येतात. रेघेची गरज उरली नाही. नव्या कुटुंबांनी मुलांसाठी सकाळच्या मराठी बातम्या तरी लावाव्यात, असे सुचवतो.

तबकड्यांच्या शोधात

रेडिओनंतर रेकॉर्ड. एके काळी रेडिओ विकणाऱ्या दुकानातच ग्रामोफोन, सुया आणि रेकॉर्ड मिळत. मांडवी ते रावपुरा या पट्ट्यातल्या अशा दुकानांत उभे राहून फुकट गाणी ऐकल्याच्या आठवणी आमच्या आधीच्या पिढीकडे आहेत. ती दुकाने आता मोबाइल विकतात. हे काही बडोद्याचेच दुःख नाही. मुंबईच्या काळा घोडा भागातले 'ऱ्हिदम हाउस' हे संगीताचे नामांकित दुकान २०१६ साली बंद झाले. काळा घोडा बडोद्यातही आहे, सयाजीराव महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचा. आमच्या फेरीत कोणीतरी तिथे थांबून दरवेळी म्हणतोच, "घोडे दोन्हीकडे आहेत, दुकान कुठेच नाही."

तरी जुन्या बाजारात भांडी, घड्याळे आणि पितळी कुलपांच्या मध्ये रेकॉर्डच्या चळती अजून दिसतात. त्या चाळताना काय पाहावे, ते थोडक्यात सांगतो.

जड, काळी, हातातून पडली तर फुटणारी ती ७८ फेऱ्यांची लाखेची तबकडी. भारतात पहिले ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२मध्ये कलकत्त्याला झाले आणि गौहरजान या त्या काळच्या तारका. सुरुवातीच्या काही रेकॉर्डच्या शेवटी गाणारी व्यक्ती स्वतःचे नाव सांगते. तो तोरा नव्हता. मूळ मुद्रण जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या कारखान्यात जाई, आणि तिथल्या कामगारांना कोणाचा आवाज कोणता हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. १९०८पासून कलकत्त्याच्या सियालदाला कारखाना झाला आणि रेकॉर्ड इथेच निघू लागल्या. हलकी, वाकणारी, ३३ किंवा ४५ फेऱ्यांची ती विनाइलची, पुढच्या काळातली. लेबलाच्या कडेला, काळ्या भागात कोरलेला बारीक आकडा असतो. तो साच्याचा क्रमांक. जाणकार त्यावरून मुद्रणाचे साल ताडतात, म्हणून लेबल फाटले तरी रेकॉर्ड टाकू नये.

बडोद्याशी नाते असलेले आवाज यांत बरेच आहेत. मौलाबक्ष यांचे नातू इनायत खाँ यांचा जन्म १८८२ साली इथलाच. १९०९मध्ये त्यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी गाणी मुद्रित केली आणि पुढच्याच वर्षी ते पश्चिमेकडे गेले. जग त्यांना सूफी गुरू म्हणून ओळखते, पण त्यांचा तरुण गाता गळा तबकडीवरच राहिला. हिराबाई बडोदेकर जन्मल्या मिरजेला. त्यांचे वडील अब्दुल करीम खाँ बडोदे दरबारचे गायक आणि आई ताराबाई माने दरबाराशी नात्याने जोडलेल्या घराण्यातल्या. दोघांनी बडोदे सोडले ते कायमचे, पण मुलीने नाव लावले ते 'बडोदेकर'. त्यांच्या नाट्यगीतांच्या आणि भावगीतांच्या रेकॉर्ड महाराष्ट्रभर वाजल्या, आणि प्रत्येक लेबलावर आपल्या गावाचे नाव होते.

रेकॉर्डचा मोठा उपकार म्हणजे केंद्र लागो न लागो, ती वाजते. 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवर झाले. गदिमांची ५६ गीते, सुधीर फडक्यांचे संगीत. आमच्यातल्या बहुतेकांच्या घरी ते पोहोचले मात्र रेडिओवरून नव्हे, तर नंतर निघालेल्या रेकॉर्ड आणि कॅसेटवरून. रामनवमीला चौकात रेकॉर्ड लावायची आणि शेजारच्या पोळातले गुजराती कुटुंबही येऊन बसायचे. अर्थ विचारायचे, चहा व्हायचा.

उसळीची वाटी

एवढे फिरल्यावर भूक लागते. बडोद्यात अशा वेळी पावले आपोआप सेव-उसळीकडे वळतात. कीर्तिस्तंभाजवळची 'महाकाली' सगळ्यांना माहीत आहे, पण गल्लोगल्ली गाड्या आहेत आणि प्रत्येकाची आपली एक ठरलेली.

महाराष्ट्रातून आलेला माणूस पहिल्या घासाला म्हणतो, "ही मिसळच की!" तशी ती नाही. मिसळीत बहुधा मोड आलेली मटकी आणि वर फरसाण. इथे वाळलेला वाटाणा भिजवून शिजवलेला, रस पातळ, वर जाड सेव, चिरलेला कांदा, आणि हिवाळ्यात ओली लसूण किंवा कांद्याची पात. सोबत पाव. आणि वेगळ्या भांड्यात लालभडक 'तरी', आपल्या जबाबदारीवर घालून घ्यायची. तिला कोल्हापूर-पुण्याकडे कट म्हणतात, नागपूरला तर्री आणि इथे तरी. नागपूर आणि बडोदे ही मराठी राज्यांची दोन टोके, आणि तिखट रश्श्याला शब्द एकच.

शब्दच काय तो पुरावा आहे. 'उसळ' हा आपला, घरगुती मराठी शब्द. तो गुजराती माणसाच्या तोंडी इतका रुळला की गाडीवर उभे राहून "बे उसळ आपजो" म्हणणाऱ्या मुलाला तो परका वाटत नाही. गायकवाडांच्या फौजेबरोबर आणि कारभाराबरोबर आलेल्या मराठी घरांतला पदार्थ इथल्या वाटाण्यात आणि सेवेत मिसळला, आणि शहराचा झाला. उलट्या दिशेनेही काही गेले. बडोद्याची भाकरवडी प्रसिद्ध आहे. पुण्याच्या चितळ्यांची भाकरवडी म्हणजे गुजराती भाकरवडीचा कुरकुरीतपणा आणि नागपुरी पुडाच्या वडीचा तिखटपणा, असे तिचे वर्णन केले जाते. आपण पुण्याहून येताना ती पाकिटे आणतो, तेव्हा एका अर्थी ती माहेरी येते.

रेडिओ, रेकॉर्ड आणि उसळ यांची एकत्र फेरी करण्याचे कारण हेच. तिन्ही ठिकाणी मराठी आहे, पण एकटी नाही. ती दुसऱ्यांत मिसळून टिकली आहे. आणि असे मिसळलेले काही जपायचे तर ते आधी ओळखता आले पाहिजे.

आता माळ्यावरचे काम

आता ते काम. फैयाज खाँ, हिराबाई यांचे आवाज संग्रहांत आहेत. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'सारख्या संस्थेच्या संग्राहकांनी हजारो तबकड्या वाचवल्या. पण बडोद्याची मराठी बोलणाऱ्या आपल्या आजी-आजोबांचे आवाज कोणत्याच संग्रहात नाहीत. ते असलेच तर आपल्या माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत, एखाद्या कॅसेटवर आहेत.

आमच्यातल्या एकाच्या घरची गोष्ट. ऐंशीच्या दशकात घरात टेपरेकॉर्डर आला, तेव्हा काकांनी आजीला समोर बसवून जात्यावरच्या ओव्या आणि मंगळागौरीची गाणी भरून घेतली. पूर्ण एक तास. काही वर्षांनी त्याच कॅसेटवर कोणीतरी रेडिओवरची सिनेमाची गाणी भरली. कोणाचा दोष नव्हता, कोरी कॅसेट महाग होती. मागच्या दिवाळीत आम्ही ती लावून पाहिली. दोन्ही बाजू गाण्यांनी भरलेल्या. दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी, गाणे संपल्यावर, काही सेकंद आजी उरली आहे : "झालं का रे चालू? तो गिलास तिकडे मूक आधी." ओवी एकही नाही. पण गुजराती 'मूकवुं'चे मराठी 'मूक' करून बोलणारी ती एक ओळ ऐकून खोलीतले सगळे गप्प झाले. महाराष्ट्रात कोणी असे बोलत नाही. आणि आता आपल्या घरांतही कोणी बोलत नाही.

म्हणून विनंती. या सुट्टीत ट्रंका उघडा आणि एवढे करा.

कॅसेट सापडली की आधी तिच्या वरच्या कडेचे दोन्ही छोटे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर वाजवू नका, आम्हाला दाखवा. नाहीतर आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा आणि मग वाजवा. टेपरेकॉर्डरची वायर संगणकाला जोडून आवाज भरून घ्या. फाइल 'वेव्ह' स्वरूपात ठेवा, आकाराने मोठी झाली तरी चालेल. प्रत दोन ठिकाणी ठेवा. आणि सर्वांत महत्त्वाचे : बोलणारे कोण, कुठले, अंदाजे साल कोणते, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. आज घरातले एखादे माणूस तो आवाज ओळखते, उद्या ओळखेलच असे नाही.

रेकॉर्ड सापडल्या तर उभ्या ठेवा, आडव्या चळतीत नको, आणि उन्हापासून दूर ठेवा. लाखेची रेकॉर्ड स्पिरिटने कधीही पुसू नका. स्पिरिटमध्ये लाख विरघळते आणि गाणे त्याबरोबर जाते. मऊ, किंचित ओल्या फडक्याने पुसा, लेबल कोरडे ठेवा. लाँगप्लेची बारीक सुई तिला लावू नका, तिच्या खाचा रुंद असतात आणि त्यांना सुईही जाड लागते. आणि भंगारवाल्याला देण्याआधी निदान एकदा आम्हाला फोन करा. वजनावर गेलेली रेकॉर्ड परत मिळत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

घरात ज्येष्ठ असतील तर कॅसेटची वाट पाहू नका. मोबाइल समोर ठेवा आणि विचारा : तुमच्या लहानपणी रात्री रेडिओवर काय लागायचे? पहिली रेकॉर्ड कोणती आणली? उसळ घरी कशी करायचे? एवढे तीन प्रश्न पुरतात. पुढचा तासभर तुम्हाला काही बोलावे लागत नाही. भरून घेतलेले आवाज मंडळाच्या कार्यक्रमात आणा. आपण ते एकत्र ऐकू. पुढची शहराची फेरीही त्यानंतर ठरवू. सकाळच्या एस.टी.ने निघायचे, सूरसागरावर थांबायचे आणि जेवायला उसळ. तरी ज्याने त्याने आपापल्या जबाबदारीवर घ्यायची.